माळ्यावरच्या तीस डायऱ्या

पेस्ट कंट्रोलवाला येणार म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा तांब्याचा बंब, लेकीची तीनचाकी आणि मोडका टेबलफॅन यांच्या मागून माझ्या डायऱ्या निघाल्या. 1994 ते 2024, म्हणजे एकतीस असायला हव्यात. आहेत तीस. 2005ची नाही. त्या वर्षी माझी बदली सांगलीला होती, खोली तळमजल्यावर होती आणि कृष्णामाई घरात आली तेव्हा बाकीच्या सामानाबरोबर तीही घेऊन गेली.

मी सहायक सरकारी अभियोक्ता होते. हे पद उच्चारताना लोकांची जीभ अडखळते, म्हणून पक्षकारांसाठी ‘सरकारी वकील बाई’ आणि पोलिसांसाठी ‘एपीपी मॅडम’. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात पोलिसांनी पाठवलेले खटले सरकारच्या वतीनं चालवायचे, हे काम. वडूज, कराड, इस्लामपूर, सांगली, पुन्हा कराड, शेवटी सातारा. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी 1 जूनला लावून दिलेला आहे, माझाही. त्यामुळे 31 मे 2024 ला निवृत्त झाले. बरोबर एक महिन्यानं, 1 जुलैला, भारतीय दंड संहिताही निवृत्त झाली. ती 1860ची, माझ्याहून शंभर वर्षांनी थोरली. निरोपसमारंभ मात्र माझाच झाला.

तेव्हापासून रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाते. चढावर धापा टाकत भेटणारा निम्मा सातारा मला एकच विचारतो, ‘मॅडम, गुन्हेगारी लई वाढलीय ना हो?’ विचारतानाच मान हलत असते, म्हणजे उत्तर त्यांच्याकडे तयार आहे, माझ्याकडून फक्त सही हवीय. मीही ‘हो ना’ म्हणून पुढं जात आले. डायऱ्या समोर आल्यावर वाटलं, बघू तरी उघडून. पेस्ट कंट्रोलचा वास जाईपर्यंत तसंही अंगणातच बसायचं होतं.

वकिलाच्या डायरीत एका पानाला एक तारीख असते आणि त्या पानावर त्या दिवशीचा बोर्ड. बोर्ड म्हणजे त्या दिवशी पुकारल्या जाणाऱ्या प्रकरणांची यादी. ज्यांच्या नशिबी कोर्टाची पायरी आली नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रकरणांच्या नंबरापुढं आरसीसी किंवा एससीसी असं लिहिलेलं असतं. आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला, एससीसी म्हणजे संक्षिप्त. संक्षिप्त हा शब्द कायद्यातला आहे, अनुभवातला नाही.

वडूजची पानं आधी उघडली. सगळीकडे ‘65 ई’. 1949चा दारूबंदी कायदा, विनापरवाना दारू बाळगणं आणि विकणं. त्या पानांवरून बोट फिरवलं तरी मला अजून मुद्देमालाचा वास येतो, आंबलेला गूळ आणि नवसागर. नमुन्याची 180 मिलीची बाटली, बुचावर लाखेचं सील, त्याखाली पंचांच्या सह्यांची कागदी पट्टी. उन्हाळ्यात एखाद्या बाटलीचं बूच आपोआप उडायचं आणि लिपिक दचकायचा. त्या बोर्डावर एक म्हातारी ठरल्यासारखी यायची. हिरवं लुगडं, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. साहेब विचारायचे, गुन्हा कबूल आहे का. ती म्हणायची, ‘व्हय साहेब, कबूल. किती?’ आणि दंड सांगायच्या आत कनवटीची गाठ सोडायला लागायची. नोटा मोजून झाल्या की पावती घडी घालून तिथंच ठेवायची. मला पहिल्या वर्षी हे मोठं गमतीचं वाटलं. दुसऱ्या वर्षी कळलं की तिच्या हिशेबी तो दंड नव्हताच, परवाना फी होती. वर्षातनं तीन-चार हप्त्यांत भरायची.

एक गोष्ट तेव्हाच ध्यानात यायला लागली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात 65 ई आणि 12 अ यांना भरती यायची. 12 अ म्हणजे मटका, 1887चा जुगार कायदा. आता दुष्काळी तालुक्यातला माणूस महिनाअखेरीला जास्त पितो आणि जास्त आकडे लावतो, असं काही नाही. हातात पैसा असतो तो बाजाराच्या दिवशी. महिनाअखेरीला भरायचा असतो तो पोलीस ठाण्याचा तक्ता. पुढं ज्या-ज्या तालुक्यात गेले तिथं हीच भरती-ओहोटी पाहिली. त्यामुळे ‘अमक्या तालुक्यात दारूच्या केसेस दुप्पट’ अशी बातमी वाचली की मला आधी वाटतं, ठाण्यात नवीन साहेब आले वाटतं.

तसंच 122चं. मुंबई पोलीस कायद्याचं हे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत तोंड झाकून, अंधारात दबा धरून बसलेल्या माणसाला लागतं. ‘गस्त घालीत असता सदर इसम आपले अस्तित्व लपवून बसलेला मिळून आला.’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की झोपेत म्हणून दाखवीन. मिळून आलेला सदर इसम कुठल्या वस्तीतला आहे, हे आडनाव वाचून कळायचं. रामोशी, पारधी, कधी कैकाडी. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मापासून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. 1952 साली कायदा रद्द झाला, हजेरी बंद झाली. पण फौजदाराची मोटारसायकल रात्री कुठल्या वस्तीकडे वळवायची, याची सवय कुठल्या राजपत्रात रद्द होत नसते. तोंड झाकून बसलेली माणसं गावठाणातही असत, थंडी सगळ्यांनाच वाजते. त्यांच्यावर 122 लागलेलं मी पाहिलं नाही.

कराडच्या डायऱ्या जाड आहेत. कृष्णा-कोयनेचं पाणी, ऊस, आणि पाणी-ऊस आला की बांध आला. नांगर बांधाला घासून नेला, बांध कोरला, चुलतभावानं हटकलं, शिवीगाळ, दगड, काठी. दोन्हीकडच्या फिर्यादी, म्हणजे क्रॉस केस. 323, 504, 506 असेल तर अदखलपात्र. ठाण्यात एनसीची पावती हातात देऊन वाटेला लावतात. काठीच्या जागी खुरपं-कोयता असला की 324 आणि मग आमच्याकडं. पूर्वी असली प्रकरणं मला मनापासून आवडायची. तीन-चार तारखांना हेलपाटे झाले की भावकीचा राग उतरायचा, मध्ये कुणाचं तरी लग्न यायचं, आणि एक दिवस दोन्ही बाजू एकाच वडापनं येऊन तडजोडीची पुरशीस द्यायच्या. साहेब परवानगी द्यायचे, खटला मिटायचा. मी एकदा खिडकीतून पाहिलंय, डोक्याला टाके पडलेला आणि ते पाडणारा दोघं कँटीनमध्ये एकाच बशीत चहा ओतून पीत होते.

2009 सरता सरता कायदा बदलला आणि 324 तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीतून गेलं. उद्देश चांगला असेल. हत्यारानं मारलेलं परस्पर मिटवू नये, वगैरे. बांध मात्र होता तिथंच होता, भावकीही. लग्नंही व्हायची थांबली नाहीत. मग काय झालं? टाके पडलेला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सांगायला लागला, ‘कुणी मारलं दिसलं न्हाई, अंधार होता.’ वेळ सकाळी अकराची. मी त्याला फितूर जाहीर करणार, उलटतपास घेणार, ‘आरोपीशी आपसात मिटल्यामुळे तुम्ही आज खोटी साक्ष देत आहात’ असं सुचवणार, तो ‘हे म्हणणे खरे नाही’ असं म्हणणार. त्याला माहीत, मला माहीत, साहेबांना माहीत, छतावरच्या कबुतरालाही माहीत. आधी जे तडजोडीच्या रकान्यात जायचं ते आता पुराव्याअभावी निर्दोषच्या रकान्यात जायला लागलं. मग वरून पत्र, निर्दोष सुटण्याचं प्रमाण का वाढलं, खुलासा करा. मी खुलाशात ‘अंधार होता’ असं लिहिलं असतं तर चाललं असतं का, असा विचार पुष्कळदा आला.

इस्लामपूर आणि सांगलीच्या डायऱ्यांत पान उघडलं की शाईचा रंगच बदलतो. माझ्या खटल्यांसाठी मी निळं पेन वापरायचे आणि जे माझे नव्हते पण बोर्डावर होते, त्यांच्यापुढं शिसपेन्सिलीनं नुसती रेघ. काही पानांवर निळं कमी आणि रेघाच जास्त. त्या रेघा म्हणजे 138. चेक वटला नाही म्हणून होणारा खटला. हे कलम 1 एप्रिल 1989 ला लागू झालं; तारीख पाहून आम्ही हसायचो. त्याआधी चेक परत आला तर दिवाणीत दावा लावा, नाहीतर 420 ची फिर्याद घेऊन ठाण्याचे उंबरे झिजवा. नंतर साधी वाट झाली: मुदतीत नोटीस, पंधरा दिवस वाट बघायची, पुढच्या महिन्याभरात फौजदारी कोर्टात फिर्याद.

या वाटेनं कोण-कोण आलं ते सांगायचं तर ऊसतोडीपासून सुरुवात करायला हवी. ट्रॅक्टरवाला वाहतूकदार पावसाळ्यात मुकादमाला उचल देतो, इतक्या कोयत्यांची टोळी आण म्हणून. मुकादम करार लिहून देतो आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक. दसरा येतो, कारखान्याचा बॉयलर पेटतो, मुकादमाचा फोन बंद. टोळी दुसऱ्याच कुणाच्या फडात गेलेली असते. ट्रॅक्टरचे हप्ते थांबत नाहीत. ठाण्यात गेलं तर ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे’. मग तो चेक भरला जातो, परत येतो आणि इस्लामपूरच्या बोर्डावर एक एससीसी वाढते. समन्स निघतं, दोनशे किलोमीटरवरच्या गावातून शेरा येतो, ‘सदर इसम ऊसतोडीस गेला असून मिळून आला नाही.’ हा शेरा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कोर्टात मोठ्यानं हसले आणि साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मागाहून पतसंस्था आल्या. त्यांचा वसुली अधिकारी येताना फिर्यादींचा गठ्ठाच घेऊन यायचा, छापील, फक्त नाव आणि रक्कम बदललेली, रक्तगट तपासायला आणलेल्या नळ्यांसारख्या ओळीत लावलेल्या. 2019च्या अखेरीस देशात 2 कोटी 31 लाख फौजदारी खटले पडून होते, त्यातले 35 लाख 16 हजार या एका कलमाचे. सर्वोच्च न्यायालयानंच हा आकडा समोर ठेवला. म्हणजे दर सात खटल्यांमागं जवळजवळ एक. यांत फिर्यादी खासगी, वकील खासगी. सरकारी वकिलाला काडीचं काम नाही. मी खुर्चीत बसून रेघा मारायचे.

रेघांचा मला राग नव्हता. राग यायचा तो संध्याकाळी साडेचारला. एका कोर्टात (कुठल्या ते नको) शिराळ्याच्या वरच्या डोंगरातला एक म्हातारा साक्षीला यायचा. त्याच्या मुलाला हायवेवर ट्रकनं उडवलं होतं, 304 अ. पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी झाला तेव्हापासून 279, 337, 304 अ हे आमचं रोजचं झालं होतं. उसाचा ट्रॉली-ट्रॅक्टर बिनारिफ्लेक्टरचा, मागून दुचाकी. हा बाबा पहाटेच्या एसटीनं यायचा, दिवसभर भिंतीला टेकून बसायचा आणि संध्याकाळी ‘आज वेळ झाला नाही, पुढची तारीख’. तिसऱ्या खेपेला त्यानं मला गाठलं. ‘बाई, माझ्या पोराची केस सरकार चालवतंय म्हंत्यात. मग सरकारला येळ न्हाई व्हय?’ त्या दिवशीच्या पानावर माझं निळं अक्षर चारच ओळी आहे, खाली तळापर्यंत रेघा. चौथ्या तारखेला तो आला नाही. पाचव्यालाही नाही.

आता विहिरीकडं येते. खरं तर तिथूनच सुरू करायला हवं होतं, पण डायऱ्यांत विहीर नाही.

माझं आजोळ कोरेगाव तालुक्यात. मी दहा वर्षांची असेन, म्हणजे 1976च्या आसपास. वरच्या आळीत एक वैनी होत्या, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी त्या मळ्यातल्या विहिरीत सापडल्या. आम्ही पोरं पळत गेलो, मोठ्यांनी हाकललं, तरी जे पाहायचं ते पाहिलंच. काठावर धुण्याची बादली होती. बादलीतले कपडे कोरडे होते आणि त्यांच्या घड्या घातलेल्या होत्या. धुवायला नेलेल्या कपड्यांच्या घड्या कोण घालतं, हे मी आजीला विचारलं. आजीनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि नंतर बराच वेळ चुलीपुढं बसून राहिली.

दुपारी जमादार आले, पंचनामा झाला. ‘कपडे धुण्यास गेली असता पाय घसरून पाण्यात पडून मयत.’ अकस्मात मयत, कलम 174. पंच म्हणून पहिली सही माझ्या आजोबांची.

हे आजोबा साधेसुधे नव्हते. 1943 ते 46 या काळात सातारा जिल्ह्यात (तेव्हा आजचा निम्मा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता, दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 ला) नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, त्यात त्यांनी निरोप पोचवण्याचं काम केलेलं. लोक पत्रीसरकार म्हणायचे, तळपायांना पत्री ठोकतात म्हणून. ती दंतकथा पुढं जास्त पसरली. आजोबा सांगायचे, त्या दिवसांत लोक तालुक्याच्या कोर्टात जायचेच नाहीत. गावातल्या न्यायमंडळापुढं सगळं यायचं, सावकाराचं, चोरीचं, बायकोला टाकणाऱ्याचं, मारणाऱ्याचं. इंग्रजांच्या दप्तरातली त्या वर्षांची पानं म्हणे कोरी होती आणि गावात मात्र रोज निवाडे. बायकांना छळणाऱ्यांना कसं वठणीवर आणलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. त्याच हातानं त्यांनी पाय घसरल्याच्या पंचनाम्यावर सही केली. मी वकील झाल्यावर एकदा विचारलं. म्हणाले, ‘मग काय लिहायचं होतं? कलम तर पाहिजे ना.’ मला वाटलं होतं, हात झटकतील, नाहीतर चिडतील. त्यांनी कायद्यातलीच अडचण सांगितली.

तसं पाहिलं तर आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं 306 तेव्हाही होतं. पण बंद दारामागचा छळ स्वतःहून गुन्हा ठरला तो 1983 च्या दुरुस्तीनं, 498 अ. हुंडाबळीचं 304 ब त्यानंतर, 1986 ला. माझ्या 1994 च्या डायरीत 498 अ शोधावं लागतं. 2004 च्या डायरीत बहुतेक आठवड्यात एक, 2012 च्या डायरीत जवळजवळ रोज. अजिंक्यताऱ्यावरचे काका लोक याच कलमावर सगळ्यात जास्त तावातावानं बोलतात. खोट्या केसेस, नणंद-जावांची नावं, पुण्यात राहणाऱ्या दिराला आरोपी. यांतलं काही खरं आहे, मी स्वतः असे कागद वाचलेत ज्यात दिराचा संबंध लग्नातल्या फोटोपुरता होता. 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं सरसकट अटकेला लगाम घातला तो उगीच नाही. पण हे काका ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं म्हणतात तेव्हा मला बादलीतल्या घड्या दिसतात. होतं की. वेगळ्या रजिस्टरला होतं. ठाण्यात अकस्मात मयतचं रजिस्टर वेगळं असतं आणि त्यातलं एकही पान कोर्टाच्या बोर्डावर येत नाही. ज्या बाईचा खटला माझ्यासमोर उभा राहिला ती निदान पिंजऱ्यापर्यंत चालत आली होती. म्हणून 2012 ची ती गच्च भरलेली डायरी पाहून मला वाईट वाटलं नाही. हे मी चढावर कुणाला सांगत नाही. धाप लागलेली असते.

पुढच्या डायऱ्या भरभर चाळल्या. 2014 ते 2021 मध्ये अधूनमधून बैलगाडी शर्यतीचे खटले आहेत. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली, 16 डिसेंबर 2021 ला पुन्हा वाट मोकळी केली. मधल्या सात वर्षांत आमच्या माणदेशात आणि आटपाडी-खानापूरकडं शर्यती थांबल्या होत्या असं ज्याला वाटतं त्यानं तिकडं कधी पाऊल ठेवलेलं नाही. पहाटे, आडमाळावर, फोनवर निरोप. प्राणी क्लेश कायदा 1960चा, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. लाखोंचा बैल आणि पन्नासची नोट. एका पठ्ठ्यानं साहेबांना विचारलं होतं, ‘सगळ्या सीझनचे एकदम भरले तर चालतील का?’ आज त्याच मैदानावर परवानगीचा फ्लेक्स लागतो. बैल तेच, धाव तीच.

2020 ची डायरी जवळजवळ कोरी आहे, कोर्टच बंद होतं. पण गुन्ह्यांच्या हिशेबात ते वर्ष मुलखावेगळं. संचारबंदी मोडली की 188. दूध घालायला निघालेला, भाजीची पाटी घेतलेली, नुसताच घरात बसून कंटाळलेला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 188 चे गुन्हे 2019 ला 29,469 होते, ते 2020 ला 6,12,179 झाले. देशातला एकूण आकडा 51 लाखांवरून 66 लाखांवर गेला, म्हणजे कागदावर गुन्हेगारी 28 टक्क्यांनी वाढली, आणि ते वर्ष असं की लोक दाराला कडी लावून घरात बसलेले. पुन्हा त्यात गंमत अशी की 188 ला पोलिसांचं दोषारोपपत्र चालतच नाही. ज्या लोकसेवकाचा हुकूम मोडला त्यानं स्वतः लेखी फिर्याद द्यावी लागते, कलम 195. हे मी पैरवी हवालदारांना, म्हणजे कोर्टातलं पोलिसांचं काम बघणाऱ्यांना, सांगून दमले. ते म्हणायचे, ‘मॅडम, तुम्ही म्हणताय ते बरोबर, पण वरून आकडा मागितलाय.’ शेवटी सरकारनंच ते खटले मागं घ्यायचं ठरवलं.

आणखी एक. या अहवालांत एका घटनेत पाच कलमं असली तर त्यातलं सगळ्यात मोठं कलम धरून एकच मोजतात. खुनाबरोबर घरफोडी झाली तर खून मोजला, घरफोडी विरघळली. हे चूक आहे असं नाही, काहीतरी पद्धत लागतेच. पण आकड्याच्या पोटात किती काय विरघळलेलं असतं, हे त्या वर्तमानपत्रातल्या ठळक मथळ्याला ठाऊक नसतं.

आता सगळं फोनवर दिसतं. नॅशनल ज्युडिशिअल डेटा ग्रिड 2015 ला लोकांसाठी खुला झाला. कुठल्या जिल्ह्यात किती खटले, किती वर्षं जुने, बोटावर. माझ्या जागी आलेली मुलगी नव्या न्याय संहितेची कलमं 303(2), 318(4), 115(2) अशी झरझर बोलते. पैरवी हवालदार मात्र अजून कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं चोरीचं ‘जुनं 379’ लिहून ठेवतात. गेल्या वर्षी ऑगस्टच्या 18 तारखेला, म्हणजे 2025 ला, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आधी अपिलासाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई, लॉज, वकिलाची फी वेगळी. आता सकाळी निघून संध्याकाळी घरी. दार जवळ आलं की लोक येणारच. दहा वर्षांनी कुणीतरी तक्ता काढून म्हणेल, सातारा-सांगलीची माणसं अचानक भांडकुदळ झाली बघा.

आणि एक प्रकरण या तीस डायऱ्यांत नाही, असणारही नाही.

गेल्या फेब्रुवारीत रात्री आठला मला मेसेज आला. वीजबिल भरलेलं दिसत नाही, साडेनऊला पुरवठा खंडित होईल, या नंबरवर संपर्क करा. मी बिल भरलं होतं. तरी संपर्क केला, कारण लेक दुसऱ्या दिवशी यायची होती आणि फ्रिजमध्ये तिच्यासाठी श्रीखंडाचा चक्का बांधून ठेवला होता. पलीकडचा मुलगा अतिशय अदबीनं ‘काकू’ म्हणत होता. खातं अपडेट करायला दहा रुपये पाठवा म्हणाला, एक ॲप उतरवून घ्या म्हणाला. पुढचं सांगायला नको. अठरा हजार चारशे.

लेक आली, तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे ना, 1930, तिथं लगेच फोन कर. आई, तू तरी कर.’ मी म्हटलं, करते. चक्का फेटायला घेतला. हात फिरत होता आणि डोक्यात दोषारोपपत्र तयार होत होतं: फसवणुकीचं 318(4), आयटी ॲक्ट 66 ड, पैसे तीन खात्यांतून फिरून कुठल्यातरी लांबच्या राज्यात एटीएममधून काढलेले, खातेदार मजूर, त्याला पत्ताच नाही. शेवटी अ समरी. गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही. तो शेरा मी अनेकदा वाचला होता. आणि ठाण्यात जायचं म्हणजे कुणासमोर बसायचं? ज्यांना मी ‘हे कसलं चार्जशीट आणलंत’ म्हणून परत पाठवत आले त्यांच्यासमोर. एपीपी मॅडम दहा रुपयांना फसल्या.

बचावाचे वकील फिर्यादीला हमखास विचारतात, फिर्याद द्यायला उशीर का झाला. साक्षीदारानं गोंधळू नये म्हणून मी आधी बायकांना जवळ बसवून सांगायचे, जे खरं असेल ते सांगायचं, घाबरला असाल तर घाबरले म्हणा, लाज वाटली असेल तर लाज वाटली म्हणा, कोर्ट समजून घेतं.

दुपारी लेकीनं विचारलं, केलास का फोन. मी म्हटलं, उद्या.

पेस्ट कंट्रोलचा वास गेल्यावर तीस डायऱ्या पुन्हा माळ्यावर चढवल्या. यंदाची खालीच असते, फ्रिजवर, तिच्यात आता दुधाचा हिशेब. फेब्रुवारीतलं ते पान उघडून पाहिलं. दूध दोन लिटर. गॅस आला. खाली शिसपेन्सिलीनं एक रेघ आहे, ती कधी मारली ते मला आठवत नाही.